रूट नंबर तीन

एकतीस वर्षं टपाल वाटलं,
म्हणून अजूनही कार्ड हाती आलं की
पत्ता आधी, चित्र नंतर.
व्हर्ना हसते. म्हणते, लायल, लोक इथं चित्रं बघायला येतात.
लोक म्हणजे महिन्याकाठी चार,
त्यातले दोघं बाथरूम विचारायला.

जुन्या बँकेतली तिजोरीची खोली, गुरुवारी दहा ते दोन.
बुटांची सतरा खोकी, पांढरे सुती हातमोजे,
आणि टेबलावर आमचं ऑस्बी फोर्ड,
मोडलेल्या पत्त्यांच्या डावासारखं पसरलेलं.

मेन स्ट्रीट, १९०८.
रंग भरले जर्मनीत कुणीतरी,
ज्यानं आयोवा नकाशातही पाहिलं नसेल.
आमची चिखलाची सडक त्यानं गुलाबी केली,
धान्याचं कोठार निळं,
आणि हार्डवेअरच्या दुकानाबाहेर
एका बाईच्या हाती दिली लाल छत्री.
व्हर्नाची आई सांगायची,
लाल छत्री गावात कुणाकडेच नव्हती.
कार्ड आल्यावर दोघींनी मागवली.

फोटो सगळे ओरिन टॅकेटचे.
तो स्वतः एकाही फोटोत नाही.
फक्त सकाळच्या फोटोंत, खालच्या कडेला,
हॅट घातलेली एक सावली, पाच पायांची:
दोन त्याचे, तीन स्टँडचे.
पुराच्या वर्षी चर्चच्या पायरीवर चढून बसलेलं डुक्कर
त्यानंच टिपलं. ते कार्ड सगळ्यात जास्त खपलं.
पाठीमागे लोकांनी लिहिलं:
आम्ही ठीक. पिठाचं पोतं वाचलं. आईला सांगू नकोस.
बाळाला आता उतार आहे. निळा फ्रॉक पाठव.
हा आमचा बँड, डावीकडून तिसरा मी नव्हे.

आणि फुल्या.
शाळेत फुली म्हणजे चूक,
इथं फुली म्हणजे मी.
हॉटेलच्या वरच्या खिडकीवर फुली, ही माझी खोली.
बर्फावर फुली, इथं पडलो.

मग अकराव्या खोक्यात हे.
रेल्वे स्टेशन, रिकामा फलाट, बाकावर फुली.
एक सेंटचं हिरवं तिकीट, त्यावर शिक्का नाही.
मिस आयडेला फ्रूम, रूट नंबर तीन.
'रविवारी, चारच्या गाडीआधी. मी इथं असेन.
आली नाहीस तर समजेन.'
सही नाही. गरज नसावी.

शिक्का नाही, म्हणजे पेटीत पडलंच नाही.

रूट तीन माझा होता.
बासष्ट मैल, एकशे चाळीस पेट्या,
त्यातल्या नऊ गुडघ्यावर आलेल्या.
फ्रूम नावाची एकही नव्हती.
पण हॅल्व्हरसनच्या सोयाबीनमध्ये
लायलॅकचं एक झुडूप आहे एकटंच,
तीन पिढ्या नांगर त्याला वळसा घालतोय
आणि का, ते कुणी विचारत नाही.

व्हर्ना सँडविच आणायला गेली
आणि मी कार्ड खिशात घातलं.
सांगायला लाज वाटते.
गाडी चालवताना कळलं, हातमोजे तसेच आहेत.
झुडपापाशी थांबलो, इंजिन चालू, जुनी सवय.
पेटी नाही, वाट नाही,
हाक मारावी असं दार नाही.
वाऱ्यानं सोयाबीनची पानं उलटत होती,
पांढरट पाठ दाखवून पुन्हा सरळ,
मागे काय लिहिलंय ते बघून कुणी ठेवून द्यावं तशी.

परत आलो. अर्धं सँडविच माझ्यासाठी झाकलेलं.
कुठं गेला होतास, व्हर्नानं विचारलं नाही.
नोंदवहीत लिहिलं: क्रमांक ४१२. स्टेशन. न पाठवलेलं.
शेरा: पत्ता बरोबर, घर नाही.

मग भिंग घेतलं,
आणि पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं.
फुली बाकावर नाहीच.
खालच्या कडेवरून, पाच पायांवर, फलाट ओलांडून
एक लांब सावली बाकापर्यंत गेलीय,
आणि फुली तिच्या हॅटवर.

व्हर्ना, मी म्हटलं, हे जरा बघ.
ती म्हणाली, आधी तोंड पूस,
मस्टर्ड लागलंय.