नकाशा क्रमांक चार

पहिल्या नकाशात सगळं सरळ होतं.
एक लांब बोळ, दोन्हीकडे बारा-बारा दारं,
एका टोकाला जेवणघर, दुसऱ्याला ऑफिस.
सावदा स्टेशनरोडला, केळीच्या बागांना लागून
दीड एकर. ट्रस्टी म्हणाले, छान, हवेशीर.
कागदावर हवा असतेच.

जुन्या इमारतीत, जेवणाच्या टेबलावर
ट्रेसिंग पेपर पसरला, कडेला वाट्या ठेवल्या.
सुपडाबाई वारके चष्मा पुसत म्हणाल्या,
"अव माय, यात भांडाले जागा कुठी ठेवली?"
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
शेजारच्या इंदूबाई फेगडेंशी
दोन वर्षं बोलणं बंद,
आणि जेवायला जायची वाट एकच.
रोज दोनदा तोंड फिरवून भिंतीला घासत जायचं,
या वयात, एका हातात काठी.

दुसऱ्या नकाशात दुसरी वाट काढली,
कडुनिंबाला वळसा घालून, मध्ये कट्टा:
अठरा इंच उंच. पंधरा इंचांवरून
गुडघे उठत नाहीत, हे मला
शालिग्राम तायडेंच्या तीन प्रयत्नांतून कळलं.

तायडे भुसावळच्या यार्डात शंटिंगला होते.
त्यांना खिडकी रुळांच्या बाजूला हवी.
म्हटलं, आवाजानं झोप मोडेल.
म्हणाले, मालगाडी आली नाही
की मोडते.

मग मे महिना. सेहेचाळीस.
पश्चिमेची भिंत रात्री दहालाही हात ठेवू देईना.
बागकाम करणारा गुलसिंग पावरा
नकाशाकडे बराच वेळ बघत राहिला.
"मॅडम, केळीला पश्चिमेकडून शेवरी लावतात,
झळ लागू नये म्हणून.
आणि या लोकांना काच?"

तिसऱ्या नकाशात काच गेली,
विटांची जाळी आली, पुढे शेवरीच्या दोन ओळी.
संगमरवरही गेला. देणगीदारांची नावं
आता भिंतीवर असतील, ओल्या पायांखाली नाही.
ट्रस्टी थोडे रागावलेत.

गच्चीला कुलूप असतं म्हणे सगळीकडे.
इथे गच्चीपर्यंत उतार आहे.
चाकाच्या खुर्च्यांसाठी, असं अर्जात लिहिलंय.
खरं तर बिबड्यांसाठी:
ज्वारीचं गरम पातेलं घेऊन
सत्तरीनंतर जिना चढवत नाही,
आणि खालच्या अंगणात ऊन दुपारी उशिरा येतं.
राखणीला तायडेंना बसवायचं ठरलंय.
अर्धओल्या बिबड्या थोड्या कमी भरतील,
हेही ठरलंय.

राहिली कडी.
आतून कडी हवी, हे सगळ्यांनीच सांगितलं,
एकेकटं गाठून, हळू आवाजात,
जसं काही चोरीचं मागतायत.
ट्रस्टी म्हणाले, आत कोणी पडलं तर?
लुकमान तडवी सुतार, त्यानं तोड काढली:
आतून कडी, बाहेरून खाच,
खाचेत रुपयाचं नाणं घालून फिरवलं की उघडतं.
मी नकाशा क्रमांक चारवर तळटीप लिहिली,
नाणं रात्रपाळीच्या सेविकेकडे राहील.

काल नमुन्याची कडी बसवली,
इंदूबाईंच्या दाराला.
त्या आत गेल्या, लावली, काढली,
लावली, काढली,
मग लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.
आम्ही बाहेर उभे. लुकमाननं हातोडी
आवाज न करता पिशवीत ठेवली.

सुपडाबाई आल्या, भिंतीला घासत.
काठी बगलेत धरून
खाच बोटानं चाचपली,
माझ्यापुढे हात केला: "रुपया दे."

पदराच्या टोकाला गाठ मारली,
दातांनी ओढून घट्ट केली,
आणि इंदूबाईंच्या दाराकडे न बघता
जेवायला निघून गेल्या.

तळटीप मी खोडली.