वे-बिल

सकाळी सहाला गच्चीवर जातो,
ऊन चढायच्या आत. परभणीत एप्रिलला
आठनंतर गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही.
पाण्याच्या टाकीपासून डिश अँटेनापर्यंत चोवीस पावलं,
परत चोवीस.
पाच फेऱ्यांना टाकळी कुंभकर्ण,
बाराला झरी.
बोरीला दम लागतो,
तिथं पूर्वीही गाडी पाच मिनिटं थांबायची.

छत्तीस वर्षं या रोडवर तिकिटं फाडली.
माणसं इतकी अंगावर यायची
की कोण पानवाला, कोण तपकीरवाला
डोळे मिटून सांगितलं असतं.
आता सून ताट उंबऱ्यावर ठेवते,
दार दोनदा वाजवून लांब होते.
रेवतीचं चुकत नाही,
दिवसभर सिव्हिलच्या लॅबमध्ये असते ती.

तिनंच शिकवलं : बोटाला चिमटा लावा, आकडा लिहा.
मी जुन्या ट्रंकेतून
जमा करायचं राहिलेलं कोरं वे-बिल काढलं.
तारीख. फेऱ्या. ऑक्सिजन सत्त्याण्णव.
बीपीची गोळी घेतली.
हळदीचं पाणी अर्धं प्यालो, अर्धं कुंडीत.
(तेही लिहिलं. हिशोबात खोट चालत नाही.)
झोप : तीन तास, तुकड्यातुकड्यांनी.
शेवटच्या रकान्याला नाव नाही.
त्यात कधी, "आज कुणाशी बोललो नाही."
कधी, "बातम्या बंद केल्या. बरं वाटलं."

संध्याकाळी सातला मैनोद्दीनला दोन रिंगा.
डबल बेल : जाऊ दे.
त्यानं उलट एक द्यायची. तो हॉर्न.
फोन उचलायचा नाही, असं दोघांचं ठरलेलं.
उचलला की कोण गेलं ते निघतं.

बावीस तारखेला हॉर्न आला नाही.
तेविसालाही.
ड्रायव्हरशिवाय गाडी काढायची माझी टाप नाही.
गच्ची नाही, आंघोळ नाही,
गोळी उशाशी तशीच.
चोविसाला रात्री फोन वाजला.
एक. दोन. तीन. थांबेचना.
एवढा लांब वाजणारा फोन
उचलायला हात होईना.

जुबेदाभाभी होत्या.
"सिव्हिल को लेके गए भाई. नळी लगाए.
जाते वक्त बोले, कंडक्टर को बोल,
गाडी खडी नको कर.
मैं येलदरी फाटे पे चढतुं."

छत्तीस वर्षांत हा माणूस
कधी मागच्या दारानं चढला नव्हता.
त्याला तिकीट कुठून कुठपर्यंतचं द्यायचं?

रेवती वॉर्डाच्या काचेतून बघून येते.
"पालथं झोपवलंय," म्हणते.
एकदा म्हणाली, "हात हलवला बहुतेक."
त्या बहुतेकवर मी दोन दिवस जेवलो.

आता एकतिसाव्या फेरीला
अँटेनापाशी थांबतो. तो फाटा.
रस्ता मोकळाच असतो.
मागून कुणी ओरडत नाही, चला हो मास्तर.
गच्ची तळव्यांना चटके द्यायला लागते.
वे-बिलात लिहितो : गाडी उभी, नऊ मिनिटं लेट.
कारणाचा रकाना छोटा आहे, सोडून देतो.
मग तोंडानंच डबल बेल देतो,
साडेसातला गोळी असते.