चेनवर घेतलेलं यंत्र

जालन्याच्या क्लबात गवत कापायचं बिडाचं धूड.
दात्यात दाता, खडखडाट थेट कदीम जालन्यापर्यंत.
बैलाच्या पायात चामड्याचे बूट,
हिरवळीवर खूर उठू नयेत म्हणून.
मी कासरा धरायचो.

नईमोद्दीन मिस्त्रीनं दातेरी चाकं काढली,
सायकलची चेन चढवली.
खालचं पातं कानशीनं घासत घासत
फिरत्या पात्यांना भिडवलं,
मधे पतंगाचा कागद धरला तर चिरेल, एवढं.

मग हराळी
न्हाव्यापुढं वाकवलेल्या मानेसारखी
गपगार.

पगाराला कारकून म्हणाला,
महिनाभर आवाज नाही, काम कुठं झालं?

मिस्त्री वाद घालत बसला नाही.
एक वायसर ढिला सोडला,
शेवटच्या आठवड्यापुरता.

बैल तेवढा दचकायचा.