आवडीचा वाटा

तळाशीलला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी,
मधे वाळूची पट्टी, माड, आणि माडांखाली
एकोणीस माणसं, ज्यांना आवडी गाबतीण ठाऊक आहे.
मी वहीत रकाने पाडले:
सांगणाऱ्याचं नाव, वय, आवडीनं काय उचललं, वजन किती.

बुधाजी तांडेल, ब्याऐंशी.
म्हणाला, वीस माणसांची रापण ती एकटी ओढायची,
दोर अंबाड्याला बांधून,
मोकळ्या हातांनी पोराचं नाक पुसत.
त्याच्या मेहुण्यानं वीसाची तीस माणसं केली.
मेहुण्याच्या सुनेनं तिच्या खांद्यावर बैल दिला:
तरीत चढायला बुजला, म्हणून उचलून खाडीपार नेला,
भर भरतीत, पाणी गुडघ्याच्या वर नाही.
बैल म्हणे त्यानंतर दुसऱ्या कुणाचं ऐकेना.

"ह्या खरा काय खोटा?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं,
जरा चुकतमाकत.
"ता तू बघ गो. आमी नुसती गजाल सांगतंव."

रात्री मोर्ज्यांच्या पडवीत बसून आकडे उतरवून काढते.
तिची नथ: गलबताच्या नांगराची कडी.
तिचं जेवण: पायलीचा उकडा भात, टोपलंभर तारली.
उपासाला फक्त रताळी, एका मळ्यातली.
शिंकली तेव्हा शहाळी पडली तीन, की तीनशे,
रेकॉर्डिंगमध्ये नेमकी तिथेच लाट फुटलीय.
आणि जिथे तिनं टाच रोवली
तिथून समुद्र आत येत नाही.
तिथेच सरकारनं काळे दगड टाकलेत.
दोन पावसांत निम्मे वाळूनं गिळले.
टाच मात्र आहे, म्हणतात.

तिसऱ्या दिवशी कळलं, माझ्याच वहीत धोंडा वाढलाय.
सोमवारी लिहिलाय: तिघांच्या कवेचा.
बुधवारी, माझ्याच अक्षरात: पाच जणांच्या.
मधे मला कुणी काही सांगितलं नव्हतं.
मी खोडलं नाही.

चौथ्या पहाटे रापण लागली.
म्हटलं, बघू तरी, आणि दोराला हात घातला.
दोर आता काथ्याचा नाही, निळा नायलॉनचा,
पाण्यातून येताना तळव्यात वाळू भरडतो.
माझ्या पुढे चार बायका, मागे किती ते वळून बघवेना.
टाचा रुतवायच्या, मागं जायचं, पुन्हा पुढं यायचं,
दोन तास, आणि जाळं अजून दूरच.
मग ओल्या वाळूत मासळीचे वाटे पडले:
जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचे.
तेव्हा सुचलं, एक रकाना राहूनच गेला.

आवडीचा वाटा किती?

बुधाजीला ठसका लागला.
मेहुणा आभाळाकडे बघून म्हणाला, वारो फिरलो.
सून हसली, आणि घरात कोण आहे ते बघून
हसायची थांबली.
एकोणिसातल्या अठरांनी
तिला बैल दिला, गलबत दिलं, अख्खा समुद्र अडवायला दिला.
वाट्याचं कुणाला आठवेना.

शेवटची शेवंती कुबल.
आडाळ्यावर बसून बांगडे साफ करत होती,
मान वर न करता म्हणाली,
"वाटो? बायलेक अर्धो वाटो, चेडवा.
तेवा पण."

वीस माणसांची रापण. अर्धा वाटा.
पेन्सिल कागदावर टेकवून मी तशीच बसले,
भागाकार कुठून सुरू करायचा ते कळेना.

तिच्या पुढ्यात ताटली होती, सकाळच्या ओढण्याची:
पाच बांगडे, त्यातला एक कुर्लीनं कुरतडलेला.
धड असलेल्यातला एक तिनं
माझ्या उघड्या वहीवरच ठेवला.
"तू पण वडलंस मा? घी.
आणि ह्या लिव."

पानावर अजून एक खवला चिकटलेला आहे,
नेमका वजनाच्या रकान्यात.