रेतीचं ताट

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. टे नदीला ओहोटी.
फळ्यांच्या वाटेवर दव इतकं
की बुटांचा आवाजसुद्धा ओला.
मी बादलीतून रेती आणलीय,
जाडसर, दातांखाली करकर वाजेल अशी.

बोरूच्या बनात कमरेएवढ्या खांबावर
एक लाकडी ताट ठोकलंय.
उन्हाळाभर किड्यांवर जगणारा हा मूठभर पक्षी
थंडीची चाहूल लागली की बियांवर येतो,
आणि बी दळायला जातं लागतं.
तो पोटातच जातं मांडतो.
खडे गिळतो, एकेक, निवडून.

पुस्तकात त्याचं नाव दाढीवाला.
दाढी कुठली? मिशा आहेत,
काळ्या, ओघळलेल्या,
आमच्या जुन्या पोस्टमनसारख्या.
म्हणतात, तो टिंग करतो,
दोन नाणी हलकेच एकमेकांना लागावीत तसं.
मी ते शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.
शेवटचं कुठे सांगून होतं.

एकतीस हिवाळे मी इथलाच बोरू कापला.
कुठकुठली छपरं शाकारली गेली माझ्या भाऱ्यांनी.
फुगीर चाकांचं ते यंत्र मांड्यांखाली धडधडायचं
आणि कानात बोळे घालायची आम्हाला लाज वाटायची.
माणसांचं बोलणं त्यानं शाबूत ठेवलं,
कुत्र्यांचं भुंकणं, बँकेतल्या साहेबाचं खाकरणं, सगळं.
फक्त वरची फळी तेवढी उचलून नेली,
जिच्यावर बारीक पक्षी बसतात.

लपणात आज इवेलिना आहे. वय नऊ.
तिची आई बटाट्याच्या शेडमध्ये शनिवारची पाळी करते,
पोरीला सोडते माझ्याकडे, डब्यात चीजची घडी,
एक तुकडा माझ्या नावाचा.
लॅकलन म्हणायचा कंटाळा, म्हणून मी नुसता लॅक.
आमचं ठरलंय:
ऐकू आलं की बोट वर.

आधी भोवत्या आली, मादी, चॉकलेटी,
डोकं सायीत बुडवून काढल्यासारखं.
चक्रांग बदकं एकदम उठली,
पाणी टराटरा फाटलं, मग आपोआप शिवलं गेलं.
पाणमांजराची पाठ दोनदा.
तिसऱ्यांदा ओंडका निघाला,
पण इवेलिनानं तो वहीतून खोडू दिला नाही.
आइसलँडचे हंस वरून गेले, शेकड्यांनी,
सगळं आभाळ बाजारासारखं बोलत.
ते मला ऐकू येतात. अजून.

मग वारा पडला.

बोट वर.
मी दुर्बीण फिरवली. तुरे, नुसते तुरे.
बोट खाली. वर. पुन्हा वर.
शेवटी मी दुर्बीण ठेवली
आणि तिच्या डोळ्यांकडे बघितलं,
ते कुठे वळतात ते.

ताटावर एक. मग तीन. मग भांडण.
मिशा रेतीत. गिळताना मान मागे,
औषधाची गोळी घेतल्यासारखी.
"दुखत नाही त्यांना?"
म्हटलं, पोटाला सवय होईपर्यंत दुखत असेल.
"आईपण असंच म्हणते," ती म्हणाली.
कशाबद्दल, ते बोलली नाही.

वहीत मी लिहिलं: दिसले, पाच.
ऐकले, आणि पेन्सिल तिच्याकडे दिली.
तिनं लिहिलं: अकरा.
कोणी ऐकले, असा रकाना वहीत नाही.

परतताना बादली हलकी.
तिचं बोट मध्येच वर जात होतं,
फळ्यांवर, फाटकापाशी,
एकदा तर डांबरी रस्त्यावरही.
तिथे बोरू नाही, पाणी नाही,
एक ट्रक उभा, आणि बसथांबा.
तरी मी थांबलो.