ठिपका

आमच्या वार्दोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो,
जानेवारी निम्मा उलटला की येतो.
मधे भर दुपारी थोडा निळसर उजेड,
कुणीतरी दार किलकिलं करून
परत ओढून घ्यावं, तेवढाच.

त्या दिवसांत माणसांचे चेहरे खालून उजळतात.
माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.
बालवाडीतल्या हेर्दिसबाईंनी चित्र दाखवलं:
तिरिलनं काढलेली आई.
केस पिवळे, स्वेटर लाल, बटणं मोजून सहा,
आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा निळा.
"थंडी वाजत असेल आईला," हेर्दिसबाई हसल्या.
मीही हसले.
घरी येईपर्यंत बूट जड झाले होते.

फ्रीजवर नियम आहे, माझ्याच अक्षरात:
तिरिल, टॅब्लेट, रोज वीस मिनिटं.
शेजारी अंडी उकडायचं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं.
ते वाजतं, मी हात पुढे करते,
ती टॅब्लेट देऊन टाकते. रडत नाही.
गुणाची आहे गं, मी बहिणीला कळवते,
फोनवर, लगेच.
माझ्यासाठी कोंबडी कुणी लावत नाही.

माझं कारण वेगळं आहे, आधीच सांगून ठेवते.
(सगळ्यांचंच वेगळं असतं.)
त्रिग्वे खेकड्यांच्या बोटीवर आहे.
नकाशात त्याची बोट म्हणजे हिरवा ठिपका, तिळाएवढा.
ठिपका हलतोय म्हणजे ठीक.
थांबला म्हणजे सापळे ओढताहेत, तेही ठीक,
पण किती वेळ थांबलाय?
बटाटे सोलताना बघते. दात घासताना बघते.
रात्री गोष्ट वाचताना, पान उलटायच्या निमित्तानं.
अस्वल गुहेत शिरतं आणि तिथंच राहतं,
तिरिल त्याच्या बाहेर येण्याची वाट बघते.
ठिपक्यामागून वारा किती ते,
वाऱ्यामागून कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या नव्या फरशा,
मग एका अनोळखी बाईचं भांडण, तिच्या नणंदेशी,
ते मात्र शेवटपर्यंत.
ठिपका केव्हाच बंदराला लागलेला असतो.

एका रविवारी तिरिल टेबलाखाली सापडली.
हातात किनाऱ्यावरचा दगड, काळा, चपटा,
तिच्या तळहातापेक्षा जरा मोठा.
त्यावर अंगठा फिरत होता. वर. वर. पुन्हा वर.
मान खाली, ओठ किंचित उघडे.
ते ओठ माझे.
"जेवायला ये."
"हं."
"तिरिल."
"एकच मिनिट."
माझंच मिनिट ते, माझ्याच सुरात,
संपत नाही हे ठाऊक असलेलं.
"काय बघतेयस एवढं?"
"बाबा हलतोय का ते."

मी टेबलाखाली शिरले. गुडघे कुरकुरले.
तिनं सरकून जागा दिली,
दगड दोघींच्या मधोमध धरला.
आम्ही बघत बसलो.
वर सूप उतू गेलं.

सूर्य आला त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.
किल्ल्याच्या तटावर सगळं गाव,
थर्मासमधली कॉफी, मुलांच्या गालांना लागलेला जॅम.
फोन घरी ठेवला होता, असं सांगायला मला आवडलं असतं.
कोटाच्या आतल्या खिशात होता,
आणि पोट चिरल्यावरही माशाचं शेपूट हलत राहतं
तसा माझा अंगठा
हातमोज्यात आपणहून हलत होता.
तिरिलच्या खिशात दगड.

पाण्याच्या रेषेवर आधी नखाएवढी कड आली,
मग अर्धा, मग अख्खा,
मग किल्ल्यावरची तोफ झाली.
सगळे ओरडले.

तिरिल ओरडली नाही.
ती सूर्याकडे बघतच नव्हती.
टोपी मागे सरकवून, मान उंच करून
ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती,
कुठं बघायचं असतं
ते कळावं म्हणून.