मधली जाळी

विट्याच्या बाजारातून तीन तलंगा आणल्या,
पाय बांधून, पिशवीत, एसटीच्या सीटखाली.
कंडक्टर म्हणाला, अर्धी तिकिटं काढा की तिघींची.

भिलवडीत परसात आधीच्या पाच.
त्यांत लंगडी. एक बोट तुटलेलं, पण हुकूम तिचा.

सुगंधाकाकू कुंपणावरनं ओरडल्या,
"लगेच मिसळू नगंस गं!
आधी नुसतं बघू दे एकमेकींस्नी."

मग द्राक्षबागेतली विटकी जाळी
परसात मधोमध ताणली, विटांनी दाबली.
आठ दिवस दोन गावं.
इकडं मक्याचा भरडा, तिकडंही तोच,
तरी लंगडीची चोच सारखी जाळीतून पलीकडं.

नवव्या रात्री लाईट गेली तेव्हा
एकेक तलंग उचलली. किती हलकी,
आणि आत केवढं धडधडतंय!
खुराड्यातल्या बांबूवर ठेवली, लंगडीला खेटून.
कुणीतरी झोपेत नुसतं कुर्र केलं.

वाटलं, जमलं.

सकाळी एकीच्या कोवळ्या तुऱ्याला रक्त.
हळद लावून तिला डालग्याखाली झाकली.
दुसरी धुण्याच्या दगडामागं, दिवसभर.
तिसरी ठिपकी. मार खायची, पळायची,
पुन्हा दाण्यापाशी हजर.

काल दुपारी राखेच्या खड्ड्यात
लंगडी अंग घुसळत होती.
ठिपकी आली. वीतभर लांब बसली.
लंगडीनं एक डोळा उघडला.
माझ्या हातातला खराटा तसाच राहिला.

डोळा मिटला.
राख उडत राहिली, दोघींच्या अंगावर.

बाकीच्या दोघींचं अजून ठरायचंय.